सरळ पट्ट्यावरची थरथर

उन्नोची गाडी फेब्रुवारीत थरथरायला लागली.

गाडी म्हणजे हातभर लांबीची, बॅटरीवर पळणारी, रिमोटवर चालवायची रेसची गाडी. जपानमधल्या शिमिझू बंदराच्या मागच्या गल्लीत मोचिझुकीकाकूंचं मॉडेलचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर करडा गालिचा अंथरून, कडेने लाकडी पट्ट्या ठोकून केलेला ट्रॅक आहे, आणि चालवणाऱ्यांना उभं राहायला बाजूला एक उंच मचाण. दर सोमवारी दुपारी तिथे रविवारी सुट्टी न मिळणारी माणसं जमतात. दोन न्हावी, एक बसड्रायव्हर, मासळीबाजारातले चौघं आणि ईल माशाची खानावळ चालवणारा इनाबा. काकूंनी जानेवारीत या सोमवारवाल्यांसाठी स्पर्धा सुरू केली होती. सगळ्यांनी नवशिक्यांचा एकच संच घ्यायचा, मोटर तीच, टायर तेच. महागडे सुटे भाग लावून कुणी पुढे जायचं नाही. जायचं तर जोडणीच्या आणि हाताच्या जोरावर.

उन्नो त्या दोन न्हाव्यांपैकी एक. वय सत्तावन्न. स्टेशनजवळ वडिलांच्या वेळेपासूनचं सलून, तो आणि बायको किनुए मिळून चालवायचे. तरुणपणी त्याने अशा गाड्या बऱ्याच पळवल्या होत्या, मग संसारात ते सुटलं. आता मुलगी नागोयाला नोकरीला लागली आणि हा पुन्हा या नादाला लागला. गाडी त्याने तीन संध्याकाळी बसून जोडली. चाकांचे धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये तेल भरताना एक बुडबुडा राहू दिला नाही, एक स्क्रू जादा पिळला नाही. काकूंनी गाडी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "न्हाव्याचं काम आहे बाबा. कुठे केस उभा नाही."

आणि तीच गाडी ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर, जिथे बाणासारखी जायची, तिथे नाक डावी-उजवीकडे हलवायला लागली. फार नाही. मचाणावर शेजारी उभं राहून आपापली गाडी चालवणाऱ्याला कळणारही नाही, इतकंच. पण ज्याच्या हातात रिमोट असतो त्याला कळतं.

उन्नोने आधी गाडीलाच दोषी धरलं. चाकं वळवणाऱ्या दांड्या काढून नव्या बसवल्या. चाकांमधल्या प्लास्टिकच्या चकत्या काढून बेअरिंग घातले. दांड्या ओढणारी छोटी मोटरही बदलली. पुढच्या सोमवारी पहिली दोन मिनिटं गाडी छान पळाली, आणि मग पुन्हा तेच.

त्या दिवशी सायकलवरून घरी जाताना सिग्नलला थांबला असताना त्याच्या मनात पहिल्यांदा आलं, की गाडी नाही, हात.

सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, तरी तो तिथेच उभा होता.

त्याच्या वडिलांचा हात अठ्ठावन्नाव्या वर्षी हलायला लागला होता. आधी चॉपस्टिकमधून सोयाबीनचे दाणे निसटायचे. घरातले हसायचे, वडीलही हसायचे. मग एका गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा लागला. मग दुसऱ्याच्या. कुणी तक्रार केली नाही. शिमिझूची माणसं तशी तक्रार करत नाहीत. नुसती पलीकडच्या सलूनमध्ये जायला लागतात. शेवटची नऊ वर्षं वडील सलूनच्या मागच्या खोलीत बसून टॉवेलच्या घड्या घालत. त्या घड्याही वाकड्या व्हायच्या, आणि तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली किनुए त्यांना न दिसता त्या पुन्हा घालायची.

उन्नोने हे कुणालाच सांगितलं नाही. घरी आल्यावर वस्तरा हातात धरून आरशासमोर उभा राहिला. हात हलत नव्हता. निदान दिसत तरी नव्हता. पण गाडी पळताना कुठे दिसत होता? तिथेही तो स्थिरच वाटायचा. गाडीला मात्र कळायचं. त्याने स्वतःशी ठरवून टाकलं, की जे डोळ्याला दिसत नाही ते गाडीच्या चाकाला कळतंय.

दुसऱ्या दिवसापासून तो दाढी टाळायला लागला. केस कापायचा, मान साफ करायची वेळ आली की म्हणायचा, "किनुए, जरा बघतेस? माझा खांदा धरलाय."

पहिला आठवडा किनुएने बघितलं. दुसऱ्या आठवड्यात गरम पाण्याची पिशवी आणून दिली. तिसऱ्या आठवड्यात रात्री जेवताना म्हणाली, "अहो, खांदा कात्री चालवताना दुखत नाही, वस्तरा धरतानाच बरा दुखतो?"

"वेगळा स्नायू असतो तो," उन्नो म्हणाला.

"असेल," किनुए म्हणाली आणि वाट्या गोळा करायला लागली. तिने पुढे विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही. दोघांच्या मध्ये ते तसंच पडून राहिलं.

ट्रॅकवरही तो लपवायला लागला. रिमोटवर चाकं किती वळावीत हे कमी-जास्त करायचं बटण असतं, ते त्याने खाली खाली आणलं. मागची चाकं आत वळवून घेतली, म्हणजे गाडीचं शेपूट धरून राहील. पुढच्या स्प्रिंगा काढून सगळ्यात मऊ घातल्या. शॉकमध्ये घट्ट तेल भरलं. गाडी थरथरायची कमी झाली, खरं आहे. पण ती वळायचीही बंद झाली. वळणावर दुसऱ्या गाड्या आतून सुर्रकन जायच्या आणि उन्नोची गाडी भिंतीकडे तोंड करून, विचार करत करत वळायची. मार्चमध्ये तो सहावा आला, एप्रिलमध्ये आठवा. गाड्या आठच होत्या.

"उन्नो-सान, ही गाडी आहे की फेरीबोट?" इनाबा मचाणावरून उतरताना म्हणाला. "आधी भोंगा तरी वाजवत जा, म्हणजे आम्ही धक्क्यावरून बाजूला होतो."

इनाबा चाळीसेक वर्षांचा, तोंडाने फटकळ, पण मनाने चांगला. दिवसाला शंभर ईल चिरायचा आणि तितकीच माणसं चिडवायचा.

"मला मऊ गाडी आवडते," उन्नो म्हणाला.

"मऊ? अहो, टोफूसुद्धा याहून लवकर वळेल."

सगळे हसले. उन्नोही हसला, आणि हसताना त्याला वडील आठवले.

मेच्या पहिल्या सोमवारी इनाबाने गाडी मागितलीच. म्हणाला, "तुम्ही इतकी सुरेख जोडलेली गाडी अशी का पळते, ते मला बघायचंय. डोक्यात किडा शिरलाय माझ्या." उन्नोला नाही म्हणता येईना. इनाबाने गाडीचं कवच उचललं, आतली, रिमोटचे इशारे झेलणारी रिसीव्हरची डबी काढून आपल्या रिमोटची डबी बसवली. आपल्या हाताला सवयीचा रिमोट असला की बरं. चाकांचं वळण वाढवून घेतलं आणि मचाणावर चढला.

उन्नो खाली कडेला उभा राहिला. गाडी पहिल्या वळणातून बाहेर आली आणि सरळ पट्ट्यावर आली.

ती फूटपट्टीने रेघ ओढावी तशी गेली. एकदा, दोनदा, दहादा. नाक जरासुद्धा हललं नाही.

"गाडीला काही झालेलं नाही!" इनाबा वरून ओरडला. "वळत नाही नीट, पण सरळ बघा कशी जाते! सुरी!"

उन्नोने मान डोलावली. मग तो जिन्यात जाऊन एका पायरीवर बसला. खालून दुकानातल्या ओदेनचा, म्हणजे काड्यांना टोचून रश्शात शिजवलेल्या मुळ्या-अंड्यांचा वास येत होता; काकू गल्ल्याशेजारी कायम एक पातेलं उकळत ठेवायच्या. आता शंकेला जागाच उरली नव्हती. तीच गाडी, तोच ट्रॅक, तीच बॅटरी. हात तेवढा दुसरा.

थोड्या वेळाने तो गाडी घेऊन खाली आला आणि गल्ल्यावर ठेवली.

"काकू, ही तुमच्या जुन्या मालाच्या कपाटात लावून टाका. रिमोटही. कुणी नवीन पोरगं आलं तर देऊन टाका."

मोचिझुकीकाकू एकाहत्तर वर्षांच्या. डोळ्यांवर भिंग लावून एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा दात मोडलेला गिअर काढत होत्या. त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं.

"का?"

"कंटाळा आला."

"कंटाळा आलेला माणूस गाडी अशी पुसून आणत नाही. का, ते सांग."

उन्नोने गाडी आणखी थोडी पुढे सरकवली. तेवढ्यात इनाबाही खाली आला, पातेल्यातून मुळ्याची काडी उचलून खायला लागला आणि दोघांची तोंडं बघून चावायचा थांबला.

"मी जाऊ का वर?" त्याने विचारलं.

"राहा," उन्नो म्हणाला. मग सांगायचं नाही असं ठरवलेलं सगळं त्याने सांगून टाकलं. थरथर, वस्तरा, खांदा दुखण्याचं सोंग, वडील. सांगताना तो त्या दोघांकडे न बघता गाडीच्या टायरकडे बघत होता. "काकू, तुम्ही माझ्या वडिलांना बघितलंय. तुमचे यजमान यायचे आमच्याकडे."

"यायचे. शेवटपर्यंत यायचे," काकू म्हणाल्या. "कान दोनदा कापून घेतला, पण आले. हात पुढे कर."

उन्नोने हात पुढे केला. काकूंनी संचातला जोडणीचा कागद त्याच्या पालथ्या पंजावर ठेवला. कागदाची कड बारीक हलत होती.

"बघा," उन्नो म्हणाला.

काकूंनी कागद उचलून स्वतःच्या हातावर ठेवला. तो जास्त हलला. मग इनाबाच्या हातावर ठेवला, तिथेही हलला. "जिवंत माणसाच्या हातावरचा कागद हलतोच. दोन वर्षांपूर्वी मला डॉक्टरने हेच करून दाखवलं होतं."

"पण गाडी खोटं बोलत नाही ना काकू. इनाबाच्या हातात सरळ गेली."

"इनाबाने रिमोट कुठला घेतला होता?"

"माझा," इनाबा म्हणाला. "मी नेहमी माझाच..." आणि मुळा हातात धरून तो उन्नोच्या रिमोटकडे बघायला लागला.

काकू उठल्या. त्यांनी गाडी एका लाकडी ठोकळ्यावर ठेवली, चारही चाकं हवेत राहतील अशी. इनाबाची डबी काढून उन्नोची परत लावली. गाडीचं बटण चालू केलं, रिमोटचं चालू केलं आणि रिमोट गल्ल्यावरच्या टॉवेलवर आडवा ठेवून दिला.

"हात मागे घ्या. दोघंही. आणि बघत राहा."

तिघंही हात मागे बांधून बघत राहिले, शाळेत उभं केलं असावं तसे. चाकं सरळ, गप्प. एक मिनिट गेलं. पातेलं रटरटत होतं. बाहेरून मासळीचा ट्रक गेला.

दुसऱ्या मिनिटाला पुढची चाकं हलली. टिक, डावीकडे. टिक टिक, उजवीकडे. मग थांबली, मग पुन्हा. अगदी बारीक, थंडीत कुडकुडल्यासारखी.

रिमोटला कुणाचा हात लागलेला नव्हता.

उन्नो पुढे वाकून चाकांकडे बघत होता. मग त्याने रिमोटकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, मग पुन्हा चाकांकडे. टिक टिक.

"अगं आई गं," इनाबा हळूच म्हणाला.

"गाडी वळवायला रिमोटवरचं छोटं चाक फिरवतो ना आपण, त्याच्याखाली एक बारकी वस्तू असते," काकू म्हणाल्या. "चाक किती फिरलं ते ती गाडीला सांगते. माणूस चालवतो तेव्हा चाक जास्तीत जास्त वेळ मध्यावरच असतं, म्हणून ती झिजते तीही बरोबर मध्यावर. सरळ जायचं म्हटलं की तिला कळेनासं होतं, सरळ म्हणजे नक्की कुठे. गरम झाली की जास्तच." मग त्यांनी घसा खाकरला. "हा रिमोट तुला जानेवारीत मीच दिला. जुन्या मालाच्या कपाटातून. बारा वर्षं वापरलेला. ठणठणीत आहे म्हणून सांगितलं होतं, नाही का?"

"हो," उन्नो म्हणाला.

"माझंच चुकलं बाबा."

उन्नोला काय होतंय ते त्यालाच कळेना. तो गल्ल्यापुढच्या स्टुलावर बसला. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात, ते काय असतं हे त्याला त्या दिवशी समजलं. तीन महिने आपण श्वास अर्धाच घेत होतो हे पूर्ण श्वास आत गेल्यावर कळलं. तो हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा काकूंनी टॉवेल पुढे केला आणि इनाबाने पातेल्यातून एक काडी काढून त्याच्या हातात दिली.

"खा. आधी खा," इनाबा म्हणाला. "तुमचा हात ठीक आहे. तुमची अक्कल मात्र दाखवायला न्या कुठेतरी. तीन महिने! मला एकदा विचारता येत नव्हतं?"

"तू फेरीबोट म्हणायचास."

"मग तेव्हाच म्हणायचं ना, की फेरीबोट थरथरते म्हणून! मी तिथेच रिमोट बदलून दिला असता."

उन्नोने एकामागून एक पाच काड्या खाल्ल्या.

संध्याकाळी किनुए कपड्यांच्या घड्या करत बसली होती. तो समोर बसला आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती तोवर तिचे हात थांबले होते. ठोकळ्यावरच्या चाकांपर्यंत आला तेव्हा तिने मान खाली घातली. उन्नोला वाटलं, रडते आहे. ती वर बघेपर्यंत तिचा चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे कंप रिमोटला होता," ती म्हणाली, "आणि तीन महिने दाढ्या मी केल्या?"

"तसंच."

हातातला टॉवेल तिने त्याच्या अंगावर फेकला. मग दुसरा. "मला वाटलं, तुम्हाला झालंय ते, आणि तुम्ही मला सांगत नाही. रोज बघत होते मी तुमच्या चॉपस्टिककडे. रोज! दाणा पडतो का म्हणून. मुद्दाम सोयाबीन करत होते आठवड्यातून दोनदा!"

उन्नोला एवढ्यात सोयाबीन फार होतंय असं वाटलं होतं खरं.

"पडला का एखादा?" त्याने विचारलं.

"एक पडला. मार्चमध्ये. मी दोन रात्री झोपले नाही." ती नाक पुसून उठली. "तरी डॉक्टरकडे जायचं. रिमोटने सांगितलं म्हणून मी ऐकणार नाही. मला डॉक्टरच्या तोंडून हवंय."

ते गेले. डॉक्टरने उन्नोला सरळ रेषेत चालायला लावलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, कागदावर गोगलगाईसारखी गोल रेघ काढून घेतली, मनगटं फिरवून बघितली. मग म्हणाला, आज तरी यात वडिलांच्या त्या आजाराचं काहीही दिसत नाही; पुढच्या वर्षी पुन्हा या, मनाला बरं वाटेल. "आज तरी" हे किनुएला खटकलं. पण दवाखान्याबाहेर आल्यावर तिने मोठा सुस्कारा सोडला आणि वाटेत बेकरीत शिरून क्रीमचे दोन पाव घेतले.

घरी पोहोचल्यावर सलून बंदच होतं. किनुएने दिवा लावला, खुर्चीत जाऊन बसली आणि मान मागे टाकली.

"माझा चेहरा करा, सगळी लव काढा," ती म्हणाली. "दिवाळखोरीत निघालेल्या न्हाव्यासारखे उभे राहू नका. पाणी गरम करा."

उन्नोने फेस केला. तो तिच्या गालावर, कपाळावर लावला. वस्तरा घेतला. पहिल्या क्षणी, धार त्वचेला लागायच्या आधी, तो थांबला. मग बोटांना त्यांचं काम आठवलं. कानापासून हनुवटीपर्यंत, हनुवटीपासून ओठांच्या कडेपर्यंत वस्तरा फिरत गेला. किनुए डोळे मिटून पडली होती. अर्ध्या वाटेत ती चक्क घोरायला लागली.

त्याने तिला उठवलं नाही. गरम टॉवेल चेहऱ्यावर ठेवला आणि शेजारी उभा राहिला.

पुढच्या सोमवारी काकूंनी गल्ल्याखालून आपला स्वतःचा रिमोट काढून त्याच्यापुढे ठेवला. "स्पर्धा संपेपर्यंत वापर. आणि आता गाडी माणसात आण. काय करून ठेवलंयस तिचं!"

खरंच, भीतीपोटी त्याने गाडीचं पार वाटोळं केलं होतं. काकूंनी जोडणीचा मूळ कागद भिंतीला चिकटवला. "आधी सगळं कागदावर आहे तसं कर. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा, कळत नाही. सुनेची आणि सासूची खोली एकाच दिवशी रंगवल्यासारखं होतं."

उन्नोने स्प्रिंगा परत घातल्या, तेल बदललं, मागची चाकं हवी तितकीच आत ठेवली. जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची पुढेमागे सारखी पाच मिलिमीटर केली. मचाणावर चढला. सरळ पट्ट्यावर गाडी अशी गेली, की त्याला उगाचच ओरडावंसं वाटलं. पण वळणावर गंमत झाली. उजवीकडे झकास वळायची. डावीकडे वळली की शेपूट निसटून गर्रकन गोल फिरायची.

आणि उन्नोला बरं वाटलं. हा दोष गाडीचा होता. गाडीच्या दोषाला स्क्रूड्रायव्हर असतो.

त्याने मागे थोड्या मऊ स्प्रिंगा घालून बघितल्या. गिरकी मंदावली, पण डावीकडेच राहिली. त्या काढल्या. टायर इकडचे तिकडे केले. फरक नाही. इनाबा शेजारच्या टेबलावर आपली गाडी पुसत होता.

"स्टूल डुगडुगतं तेव्हा काय बघतो आपण?" तो गाडीकडे न बघता म्हणाला.

"कुठला पाय आखूड आहे ते."

"मग?"

उन्नोने गाडी सपाट काचेवर ठेवली. मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून हळूच उचलली. दोन्ही मागची चाकं एकदम उचलायला हवी होती. डावं आधी उचललं, उजवं काचेला चिकटून राहिलं. म्हणजे गाडीचं वजन एका पायावर जास्त होतं. मऊ स्प्रिंगा घालताना-काढताना नव्हे, त्याच्याही आधी, फेब्रुवारी-मार्चच्या त्या झटापटीत कधीतरी एका शॉकवरची, स्प्रिंग दाबणारी चकती दोन फेरे जास्त फिरली होती. त्याने ती परत फिरवली. पुन्हा उचलून बघितलं. दोन्ही चाकं एकदम सुटली.

"धन्यवाद, इनाबा."

"धन्यवाद कसले. मला हरवायला कुणीतरी धड माणूस हवा. फेरीबोटीला हरवून मजा येत नाही मला."

जूनच्या दुसऱ्या सोमवारी शेवटची रेस होती. किनुएही आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या जिन्यावर चढली होती. पाच मिनिटांची रेस, आठ गाड्या. उन्नोची जागा सुरुवातीला सहावी. भोंगा वाजला. पहिल्याच वळणावर मासळीबाजारातले दोघं एकमेकांत अडकले आणि इनाबाही मागून त्यांच्यावर जाऊन आदळला. उन्नो बाहेरून वळसा घालून निघाला आणि तिसरा झाला.

पुढची चार मिनिटं त्याने फक्त गाडी चालवली. डावं वळण, उजवं वळण, पट्टा. डावं, उजवं, पट्टा. हातांचा विचार एकदाही आला नाही. शेवटच्या मिनिटाला मागून इनाबा आला, दोन फेऱ्या त्याच्या शेपटाला चिकटून राहिला आणि शेवटून दुसऱ्या वळणावर आतून शिरून पुढे गेला. उन्नो चौथा आला.

"भोंगा वाजवला होता का मी?" मचाणावरून उतरताना इनाबाने विचारलं.

"गप्प बस," उन्नो म्हणाला, पण त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं.

काकूंनी पहिल्या तिघांना पेरूएवढ्या छोट्या करंडकांसह फोटोला उभं केलं. बाकीच्यांना शेंगदाण्यांची पाकिटं वाटली. किनुए आपल्या नवऱ्याचं पाकीट उघडून खात होती आणि त्याच्या रिमोटकडे बघत होती.

"मला एकदा द्या बघू," ती म्हणाली.

"हे एवढं सोपं नसतं गं. आधी वेग कमी करून देतो..."

"द्या म्हणते ना."

त्याने दिला. किनुए मचाणावर चढली, पाय फाकून उभी राहिली आणि तिने बोटाने कळ पूर्ण दाबली. गाडी सरळ पट्ट्यावरून सुसाट निघाली. पहिलं वळण आलं, पण ते किनुएला कळलं नाही. फाटकन आवाज झाला, आणि पुढचं डावं चाक सुटून गालिच्यावरून घरंगळत बसड्रायव्हरच्या बुटापाशी जाऊन थांबलं.

किनुएने तोंडावर हात ठेवला. "मोडली?"

उन्नोने खाली जाऊन गाडी उचलली, उलटी करून बघितली. चाकाला धरून ठेवणारा पुढचा प्लास्टिकचा दांडा, ज्याला हातच म्हणतात, मधोमध तुटला होता. त्याने तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हातच मोडलाय," तो म्हणाला, आणि स्वतःच आधी हसला.

"चारचा पुडा येतो त्याचा," काकूंनी जिन्यातून हाक मारली. "खाली ये, देते. आणि किनुए-सान, तुम्ही पुढच्या सोमवारी येताय ना? नवशिक्यांचा एक संच शिल्लक आहे."

किनुए मचाणावरून उतरून नवऱ्याशेजारी आली आणि ते निखळलेलं चाक हातात घेऊन बघायला लागली.

"हे जोडायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"वीस मिनिटं."

"मग दाखवा कसं ते," ती म्हणाली, आणि दोघं टेबलाकडे गेले.